हडळीची बाजू घेणाऱ्या बाई

आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई प्रत्येक सिनेमा तीनदा बघत. पहिल्यांदा सगळे बघतात तसा. दुसऱ्यांदा डोळे मिटून, नुसता ऐकत. आणि तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून. पालघरच्या थिएटरात पहिल्या रांगेच्याही पुढे डोअरकीपर त्यांच्यासाठी एक लोखंडी खुर्ची उलटी मांडून ठेवी. तिच्यावर ताठ बसून, मांडीवर वही घेऊन, बाई तीन तास प्रेक्षकांच्या तोंडांकडे बघत. पुढच्या रांगेतली माणसं सुरुवातीला अवघडत, पाय आत घेत. मग सवय झाली. "बाई बसल्यात, नीट हसा रे," असं मागून कोणीतरी ओरडे, आणि सगळं थिएटर हसे. बाई तेही वहीत टिपून घेत.

"पडद्यावरचा माणूस पैसे घेऊन रडतो," त्या म्हणत. "खुर्चीतला पैसे देऊन रडतो. त्यातलं खरं कोणतं, ते मला बघायचं असतं."

गावातल्या साप्ताहिकात त्या परीक्षण लिहीत. परीक्षण म्हणजे अक्षरशः परीक्षा. शंभरपैकी गुण, पस्तीसला पास, कृपागुण नाहीत. मुंबईत कित्येक आठवडे चाललेल्या एका सिनेमाला त्यांनी एकतीस दिले होते आणि खाली शेरा मारला होता, 'कथानक शेजाऱ्याच्या वहीतून उतरवले आहे.' साप्ताहिक विकलं जाई ते बरंचसं त्या शेऱ्यांमुळे.

शाळेत त्या कोणालाच नावाने हाक मारत नसत. विषयाने मारत. "गणित कुठे गेलं?" "भूगोलाला म्हणावं, खडू आणून ठेव." मुख्याध्यापकांना तोंडावर 'मुख्य' म्हणत. मी उमरोळीहून सायकलने येणारा, नवाच लागलेला मास्तर. मी 'विज्ञान'. पहिल्याच दिवशी मी सहज म्हणालो, "आज फार उकडतंय." बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "कारणे द्या." मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. बाष्प, आर्द्रता, समुद्रावरचा वारा, असं सगळं सांगितल्यावरच त्यांनी मला बसायला सांगितलं.

लग्नपत्रिका आली की तांबड्या पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून त्या पोस्टाने परत पाठवत, आणि वर आहेर घेऊन लग्नालाही जात. हळदीकुंकवाला मात्र त्यांना कधी बोलावणं नसे. लग्न केलेलं नव्हतं. संक्रांतीनंतर शिक्षकांच्या बायका एकमेकींकडे जात तेव्हा बाई आपल्या ओटीवर बसून वह्या तपासत. त्यांना त्याचं काही वाटत असेल, असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

त्या वर्षी तो सिनेमा निघाला. 'हडळीचं हळदीकुंकू.' नाटकांना कपडेपट पुरवणाऱ्या मुंबईच्या एका माणसाने तो काढला होता, आणि जवळजवळ सगळा आमच्याच भागात, माकुणसारला एका नारळी-केळीच्या वाडीत. वाडी एका म्हाताऱ्या विधवा काकूंची. त्यांनी जागा दिली, तांब्या-पितळेची भांडी दिली, शिवाय माणसांना दोन वेळ जेवायला घातलं. गोष्ट साधी होती. एक विधवा. जिवंतपणी तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावत नाही. ती मरते, हडळ होऊन माडावर बसते आणि गावातल्या सगळ्या बायकांना स्वतःच आमंत्रणं धाडते. न जावं तर हडळ चिडेल, जावं तर हडळीच्या घरी जायचं. त्यातून सगळी धमाल.

सिनेमात त्रुटी होत्या. हडळ हवेत चालते तेव्हा दोर दिसायचा. तिचे उलटे पाय पुठ्ठ्याचे होते आणि एका प्रसंगात डावा पाय मागे राहून ती पुढे जाते. पण हडळ झालेली बाई अशी हसायची की थिएटरातली माणसं आधी दचकायची आणि मग खुर्चीतून घसरेपर्यंत हसायची.

ती पारूबाय. किनाऱ्यावरच्या गावातून रोज सकाळी पाटी घेऊन पालघरच्या बाजारात येणारी कोळीण. सिनेमावाला मासळी घ्यायला आला आणि त्याने तिचं हसणं ऐकलं. एवढ्यावर तिची निवड झाली. पारूबायही विधवाच. "मला काय, एका जागी बसून हसायचं हुतं," ती सांगे. "तं मी रोज बाजारात फुकट हसतो."

बाईंनी तो सिनेमा नेहमीप्रमाणे तीनदा बघितला, आणि चौथ्यांदा बोईसरला जाऊन. तिथे कारखान्यातल्या कामगारांची गर्दी, निम्म्यांना मराठी येत नव्हतं. तिथेही त्या उलट्याच बसल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या त्या वहीचं पान उघडून. "विज्ञान, हे ऐका. शेवट झाल्यावर एक कामगार शेजाऱ्याला म्हणाला, 'चुड़ैल मस्त है यार, लेकिन बेचारी है.' सात शब्दांत परीक्षण झालं. आता मी काय वेगळं लिहू?"

त्यांनी त्या सिनेमाला बासष्ट गुण दिले. इतके गुण त्यांनी त्याआधी कोणालाच दिले नव्हते.

पुढच्या रविवारी मुंबईच्या एका मोठ्या दैनिकात परीक्षण आलं. लिहिणारे मोठे समीक्षक होते. 'या चित्रपटातील विनोदाची भीती वाटते आणि भुताचे हसू येते,' अशी सुरुवात. मग दोर, मग पुठ्ठ्याचे पाय. आणि शेवटी एक वाक्य. 'हडळीच्या भूमिकेतील बाईंना रंगभूषेची गरज पडली नसावी.'

सोमवारी ते मीच मास्तरांच्या खोलीत वाचून दाखवलं. आवाज काढून, हातवारे करून. शेवटचं वाक्य तर दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा फार हशा पिकला. मी मान वर केली तेव्हा दारात बाई उभ्या होत्या.

"पारूबायला वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला येतं. त्याचा हा उपयोग केलात."

एवढंच बोलून त्या वर्गावर गेल्या.

ते वाक्य आठवड्याभरात बाजारात पोचलं. आम्ही पोचवलं, दुसरं कोण? 'बिनमेकपची हडळ' असं तिला नाव पडलं. हसण्यावारी गेलं असतं तर ठीक होतं. पण सकाळच्या पहिल्या विक्रीला, बोहनीच्या वेळी, गिऱ्हाइकं तिच्या पाटीला वळसा घालून जाऊ लागली. दिवसाच्या सुरुवातीला हडळीचं तोंड नको. एके दिवशी तिच्या बसायच्या जागेवर कोणीतरी लिंबू-मिरची ठेवली. तिने ती उचलून गटारात टाकली, पाटी डोक्यावर घेतली आणि घरी निघून गेली. मग ती बाजारात यायचीच बंद झाली.

बाई तिच्या घरी गेल्या. मलाही नेलं. पारूबाय ओटीवर जाळं विणत बसली होती.

"तुमी कशाला आलाव, बाई?" ती म्हणाली. "आमी गप ऱ्हातो चार दिस. लोकं इसरतील."

"विसरणार नाहीत," बाई म्हणाल्या. "गप्प राहिलं की खरंच वाटतं लोकांना. तुम्ही सिनेमात वाईट काम केलंत का?"

"मला काय ठावं? मी हसलो."

"मग आता का नाही हसत?"

पारूबायने जाळ्यावरून नजर उचलली नाही. "हसूच याया नाय लागलं," ती म्हणाली. "तोंड उगडलं का वाटतं, लोकं दातांकडं बगतात."

बाईंनी सहा पानांचा लेख लिहिला. साप्ताहिकाच्या संपादकांनी तो वाचला, चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, एवढ्या मोठ्या पेपराशी आपण कशाला भांडायचं? एक पान करा, नाव न घेता." बाईंनी चहा प्यायला, लेख उचलला आणि त्या साप्ताहिकात पुन्हा कधी लिहिलं नाही. माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "शनिवारी मुंबईला जायचंय. तुम्ही वाचून दाखवलंत ना? आता ऐकायलाही चला."

पारूबाय आधी तयार नव्हती. बाईंनी तिला काय सांगितलं माहीत नाही. शनिवारी स्टेशनवर ती हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून उभी होती.

दैनिकाच्या कचेरीत समीक्षक सौजन्याने वागले. गोरे, नाजूक, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. बाईंनी ओळख करून दिली, "हे आमच्या शाळेतले विज्ञान. या माझ्या मैत्रीण." पारूबायने नमस्कार केला. समीक्षकांनी तिलाही वाकून नमस्कार केला.

अर्धा तास बाईंनी सिनेमाबद्दल प्रश्न विचारले. दोर, पुठ्ठा, छायाचित्रण. ते सगळं समीक्षकांना चोख आठवत होतं. मग बाईंनी विचारलं, "शेवटी हडळीला कुंकू कोण लावतं?"

समीक्षक खिडकीकडे बघू लागले. "अशा चित्रपटांचे शेवट, बाई, साधारण..."

"एका वाक्यात उत्तर हवंय."

"मला दुसऱ्या एका खेळाला जायचं होतं. मध्यंतरापर्यंत जे पाहिलं त्यावरून अंदाज येतोच. शितावरून भाताची परीक्षा होते."

"भाताची होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही अर्धं ताट टाकून उठलात आणि वर स्वयंपाक करणारीच्या तोंडाला नावं ठेवलीत."

आजूबाजूच्या टेबलांवरची खटखट थांबली. समीक्षकांचे कान लाल झाले, पण आवाज चढला नाही. "मी त्या बाईंविषयी व्यक्तिशः काहीच लिहिलेलं नाही. मी त्यांना ओळखतही नाही."

"ते दिसतंच आहे," बाई म्हणाल्या. "अर्धा तास त्या तुमच्यासमोर बसल्यात."

समीक्षकांनी पारूबायकडे बघितलं. मी तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होतो. त्यांना खरोखर ओळखू आलं नव्हतं. हिरव्या लुगड्यातली, अबोली माळलेली, हात मांडीवर ठेवून शांत बसलेली ती बाई आणि माडावरची हडळ यांचा मेळ त्यांना लागत नव्हता.

"म्हणजे रंगभूषा लागली म्हणायची," बाई म्हणाल्या.

पारूबाय उठून उभी राहिली. "साहेब, मला भांडाया येतं, पन मी आज भांडणार नाय," ती म्हणाली. "तुमी पालघरला या. पुरा शिनेमा बगा. मंग लिवा काय लिवायचं तं. माजं काम वंगाळ हाय तं वंगाळ लिवा. माजं तोंड माज्या आयबापानं दिलंय, त्याला तुमचा काय संबंद?"

समीक्षक येणार नव्हते हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. "पत्र पाठवा, मी छापायला सांगतो," ते म्हणाले. बाईंनी पत्र पाठवलं. ते छापूनही आलं, जाहिरातीच्या खाली चार ओळी. 'पालघर येथील एका वाचक भगिनींना चित्रपट आवडल्याचे त्या कळवतात.' बाकी सगळं कापलं होतं.

ते कात्रण बघून मला वाटलं, आता संपलं. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या थिएटरच्या मालकाकडे गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "रविवारी दुपारी बाराचा खेळ. फक्त बायकांसाठी. दारात हळदीकुंकू. लावणार पारूबाय. येणारी कोणीही असो, सवाष्ण, विधवा, टाकलेली, माझ्यासारखी. सगळ्यांना."

हे आज वाचायला सोपं वाटतं. तेव्हा गावात खळबळ उडाली. विधवेच्या हातचं कुंकू, तेही हडळीचं काम केलेलीच्या हातचं, तेही सिनेमाच्या दारात! मुख्याध्यापकांनी बाईंना लेखी विचारणा केली. शाळेच्या शिक्षिकेने अंधश्रद्धेला उत्तेजन देणाऱ्या व रूढींना धक्का लावणाऱ्या प्रकारात भाग का घ्यावा, याचा खुलासा चोवीस तासांत करावा. बाईंनी तो कागद त्यांच्या टेबलावर परत ठेवला. 'रूढी'तला रू दुरुस्त केलेला होता. खाली एक ओळ होती, 'एकाच कृत्याने अंधश्रद्धा वाढते आणि रूढी मोडते, हे कसे, ते आधी आपण स्पष्ट करावे.'

रविवारी मला कामगिरी होती फाटकावर उभं राहून पुरुषांना परत पाठवायची. साडेअकराला बाई आणि पारूबाय दारात उभ्या राहिल्या. पारूबायच्या हातात हळदीकुंकवाचा करंडा. पावणेबारा झाले. समोरच्या पानाच्या गादीवर बघे जमले होते. आत एकही बाई गेली नव्हती. पारूबायचा हात हळूहळू खाली येत होता.

"हात वर ठेवा," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात टांगा थांबला आणि माकुणसारच्या काकू उतरल्या. वाडीवाल्या. पांढरं लुगडं, वाकलेली कंबर, हातात काठी. मला वाटलं, यांना बोलावलं असेल आणि या आल्या. त्या मात्र पुढे होऊन पारूबायला म्हणाल्या, "आधी तू लावून घेतलंस का गं?"

"मला कोन लावणार, काकू?"

काकूंनी काठी माझ्या हातात दिली, करंड्यात बोट बुडवलं आणि पारूबायच्या कपाळाला टेकवलं. म्हातारीचं बोट कापत होतं, त्यामुळे ते जरा वाकडंच लागलं. मग पारूबायने काकूंना लावलं. आणि मग ती बाईंकडे वळली.

"मला कशाला?" बाई मागे सरकल्या. त्यांना मागे सरकताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"कशाला काय इचारता? उब्या ऱ्हा गप," पारूबाय म्हणाली.

बाई उभ्या राहिल्या. डोळे मिटून.

त्यानंतर बायका आल्या. थिएटर भरलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या दहा-बारा रांगा भरल्या. बाजारातल्या भाजीवाल्या आल्या, बोईसरहून कामगारांच्या बायका आल्या, तारापूरच्या वसाहतीतल्या दोघी आल्या ज्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. डोंगराकडच्या पाच-सहाजणी मोळ्या विकून तशाच आल्या. शिक्षकांच्या बायका आल्या नाहीत. माझी आई आली, उमरोळीहून चालत, मला न सांगता. माझ्यासमोरून आत जाताना तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

मी तीन तास उन्हात भिंतीला टेकून उभा होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं. किंकाळ्या, हशा, पुन्हा किंकाळ्या. मग शेवट आला. सिनेमाच्या शेवटी हडळीचं सगळ्यांना कुंकू लावून होतं आणि ती थांबते. तिला लावायला कोणी धजत नाही. मग जिने तिला आयुष्यभर बाजूला बसवलं ती सासूच पुढे येते. त्या वेळी आत एकदम शांत झालं. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. आणि मग कोणीतरी हुंदका दिला, आणि कोणीतरी त्या हुंदक्याला हसलं, आणि मग सगळ्याच रडत हसायला लागल्या. मी मास्तरांच्या खोलीत वाचून दाखवलेलं वाक्य मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. सावलीत जावंसं वाटलं नाही.

याची शिक्षा बाईंना झाली. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडून दहावीचं मराठी काढून घेतलं आणि शिवणाचे तास दिले. पंचवीस वर्षं दहावी शिकवलेल्या बाई. वेळापत्रक वाचून त्या म्हणाल्या, "मला शिवण येत नाही. शिकेन." आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या शिंप्याकडे जाऊन त्या काज करायला शिकल्या. दिलगिरीचं पत्र दिलं असतं तर दहावी परत मिळाली असती. मी एकदा तसं सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. निवृत्त होईपर्यंत त्या शिवणच शिकवत होत्या.

पण मला सांगायचं आहे ते त्या खेळानंतरच्या सोमवारचं. पारूबाय पाटी घेऊन बाजारात आली आणि आपल्या जुन्या जागी बसली. सकाळचे आठ वाजत होते. मी शाळेत जाताना सायकल उभी करून लांबून बघत होतो. गिऱ्हाइकं येत होती. तिच्याशी बोलत होती, सिनेमाबद्दल विचारत होती, हसतही होती. पण पहिली खरेदी करायला कोणी वाकत नव्हतं. काल जिने कपाळ पुढे केलं होतं, अशी एक बाईसुद्धा शेजारच्या पाटीवर वळली. मी पुढे व्हायला पाय उचलला, एवढ्यात गर्दीतून बाई आल्या. शाळेत जायच्या साडीत, छत्री आणि कापडी पिशवी घेऊन. जन्मात माशाला हात न लावलेल्या, शेजारी सुकट भाजली तरी खिडकी लावून घेणाऱ्या बाई. त्या पाटीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पाव किलो द्या," त्या मोठ्याने म्हणाल्या.

पारूबाय बघतच राहिली. "बाई, तुमी तं खात नाय."

"तो माझा प्रश्न आहे. पाव किलो द्या."

"अवो, बोंबील किलोनं नाय देत. वाटा असतो. ह्यो एक वाटा, ह्यो एक."

बाईंनी वाकून त्या ओल्या, लिबलिबीत ढिगांकडे नीट बघितलं. नाकाला पदर लावला नाही.

"मग माझा वाटा द्या," त्या म्हणाल्या.

पारूबायने पिशवीत बोंबील टाकले. आणि टाकता टाकताच ती हसायला लागली. महिनाभर कोंडलेलं ते हसणं असं सुटलं की पत्र्यावरचे कावळे उडाले आणि भाजीच्या गल्लीपर्यंतची माणसं वळून बघायला लागली. बाईंनी पैसे दिले, पिशवी हातात घेतली. शाळेला जायला मागची गल्ली जवळची होती. त्या मुख्य रस्त्याने गेल्या, मधून, पिशवी गळत असताना.